वाचनालयाचा संगणक: कामाच्या नोंदी, इंदूर, 2025

7 सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, पहाटेपर्यंत चालल्या, त्यामुळे सकाळच्या बैठकीला आम्ही तिघंच होतो: सचिव काका, ग्रंथपाल काकू आणि मी. काम मात्र ठरलं. राजेंद्र नगरातल्या आमच्या वाचनालयात संगणक आहे, पण त्याचा उपयोग कोणालाच होत नाही. पुस्तकांची यादी उघडली की भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात. सभासदांच्या तारखा उलटसुलट झाल्या आहेत. काकू अजून लाकडी खणांतली कार्डंच काढून बघतात, आणि त्यांचं बरोबरच आहे, कारण कार्डं निदान वाचता येतात.

दिवाळी अंक यायच्या आत तीन गोष्टी व्हायला हव्यात. यादीत पुस्तक शोधता आलं पाहिजे, सभासदांची नोंद दुरुस्त झाली पाहिजे, आणि काका-काकूंना रोज लागेल तेवढं नीट यायला पाहिजे. नवा संगणक घ्यायचा नाही. पैसे पुस्तकांसाठी आहेत.

माझा क्लास संपला की संध्याकाळी मी येणार. क्लासमध्ये मुलं सीपीसीटीची, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या संगणक आणि टायपिंगच्या परीक्षेची तयारी करतात. त्यामुळे हिंदी-मराठी टायपिंगचे जुने-नवे सगळे प्रकार रोज हाताखालून जातात. नोंदी इथेच लिहीत जाईन. पुढे हे काम ज्याच्याकडे जाईल त्याला पहिल्यापासून उकरत बसायला नको.

9 सप्टेंबर

यादीचं कोडं सुटलं.

फाइल एका सीडीवर होती, काही वर्षांपूर्वी बाहेरून टाइप करून घेतलेली. तीत 'मराठी' या शब्दाच्या जागी लहान ई, जे, के, मग मोठा बी, मग लहान एच अशी अक्षरं दिसत होती. काकांची खात्री होती की व्हायरस लागलाय. व्हायरस नाही. फाइल कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे आणि या संगणकात कृतिदेव नाही, एवढंच.

हे जरा सविस्तर लिहिते, कारण पुढच्या बऱ्याच भानगडींचं मूळ इथेच आहे. संगणक अक्षराचा आकार साठवत नाही, त्या अक्षराचा आकडा साठवतो. त्या आकड्याला पडद्यावर कोणता आकार द्यायचा ते फॉन्ट ठरवतो. कृतिदेवसारखे जुने फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच आकड्यांवर देवनागरीचे आकार बसवले. म्हणजे आत साठवलेला असतो इंग्रजी जे, पडद्यावर येतो र. आत के, वर काना. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसते आणि फॉन्ट काढला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. अशा फाइलमध्ये 'मराठी' शोधलं तर सापडत नाही, कारण आत मराठी नाहीच.

यावरचा उपाय युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना जगभर एकच आकडा देणारी पद्धत. तीत देवनागरीसाठी स्वतंत्र 128 जागा राखलेल्या आहेत. तिची पहिली आवृत्ती 1991 ची. तीत 'क'चा आकडा ठरलेला आहे. तो इंदुरात, पुण्यात, फोनवर, बँकेच्या संगणकावर तोच राहतो. फॉन्ट बदलला की वळण बदलतं, अक्षर बदलत नाही. विंडोजबरोबर वर्षानुवर्षं आलेला मंगल हा युनिकोड फॉन्ट आपल्याच प्रा. र. कृ. जोशींनी घडवला, हे काकूंना सांगितलं तर त्यांनी लगेच पडद्याजवळ जाऊन त्यातला 'ळ' पाहिला.

फाइल कोणत्या प्रकारची आहे ते ओळखायची सोपी रीत: मजकूर निवडायचा आणि फॉन्ट एरियल करायचा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड. इंग्रजी बाहेर आली तर जुना फॉन्ट. काकूंनी कार्यकारिणीच्या जुन्या इतिवृत्तांवर स्वतः करून पाहिलं आणि कोणत्या फाइली कशात आहेत त्याची यादी कागदावर केली. आता त्यांना हे कोणाला विचारावं लागणार नाही.

10 सप्टेंबर

सीडीवरची फाइल उतरवून दोन ठिकाणी ठेवली. मूळ फाइलला हात लावायचा नाही, सगळं काम प्रतीवर. जुनी सीडी पुढच्या वेळी वाचली जाईलच असा भरवसा धरू नये.

14 सप्टेंबर, रविवार

आजचा दिवस कीबोर्डचा.

काकूंचा नातू अकरावीत आहे. त्याचं म्हणणं, इंग्रजी स्पेलिंग टाकलं की मराठी उमटते, तेच लावा ना दीदी. त्याच्यापुरतं ते ठीक आहे, आणि विंडोज 10 मध्ये 2019 पासून मराठीसाठी तसा फोनेटिक कीबोर्ड अंगचाच आलेला आहे. पण काकूंनी नोकरीची सगळी वर्षं सरकारी कचेरीत हिंदी टाइपरायटरवर काढली आहेत. त्यांची बोटं न बघता चालतात. त्यांना स्पेलिंगं पाठ करायला लावणं म्हणजे हातातली विद्या फेकून द्यायला सांगणं. त्यांच्यासाठी हिंदी इंडिक इनपुट टाकलं आणि त्यात रेमिंग्टन गेल ही मांडणी निवडली. सीपीसीटीतही हीच चालते. बोटं जुन्या टाइपरायटरच्या सवयीने पडतात, आत साठतं मात्र युनिकोड. काकूंनी पहिलीच ओळ सलग टाइप केली. त्यांचा वेग बघून नातू गप्प बसला.

ज्यांना काहीच येत नाही त्यांनी मात्र इन्स्क्रिप्ट शिकावी, असं माझं ठाम मत आहे. तिची मांडणी फार विचाराने केलेली आहे. मात्रा आणि स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. के वर क आणि शिफ्ट धरून ख. एच वर प, शिफ्टने फ. डी म्हणजे हलन्त, जोडाक्षर त्यानेच जुळतं. मराठीला लागणारा ळ शिफ्ट आणि एन वर, आणि 'वाऱ्या', 'कऱ्हाड' मधला ऱ शिफ्ट आणि जे वर. शिवाय मांडणी भारतीय लिप्यांना एकच आहे. मराठीत क ज्या बटणावर, गुजरातीत आणि तमिळमध्येही त्याच बटणावर.

इंग्रजी-मराठी बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेसबार. ही एक युक्ती समजली आणि काकांची कोपऱ्यातल्या त्या छोट्या चिन्हाशी चाललेली झटापट संपली. रुपयाच्या चिन्हाचंही तेव्हाच झालं. इंग्रजी (इंडिया) कीबोर्ड निवडलेला असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि 4. हे चिन्ह सरकारने 15 जुलै 2010 ला स्वीकारलं, म्हणून त्याआधीच्या जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन येतो. पावतीवर चौकोन आला तर प्रिंटर बिघडला समजू नये.

17 सप्टेंबर

यादी युनिकोडमध्ये आणली. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्या भरवशावर सोडून चालत नाही.

अडचण ऱ्हस्व वेलांटीची. टाइपरायटरवर वेलांटी आधी आणि अक्षर नंतर, कारण कागदावर ती डावीकडे असते. कृतिदेवमध्येही तसंच. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने आधी क, मग वेलांटी. रफारही असाच, कागदावर अक्षरानंतर मारायचा, साठवताना त्या अक्षराच्या आधी. कन्व्हर्टर ही उलटापालट करतो, पण जोडाक्षरावरची वेलांटी कधीकधी चुकीच्या जागी पडते. 'स्थिती', 'मूर्ती', 'शक्तिपीठ' असे शब्द नजरेखालून घालावे लागले. शिवाय मूळ टायपिंगमध्ये 'वाऱ्या'चं 'वार्या' झालं होतं. ते कोणतंही यंत्र दुरुस्त करणार नाही. काकूंनी केलं, कार्डं समोर ठेवून.

आणि मग एक विलक्षण प्रकार. काकूंनी शोधलं 'ॲटलास'. यादी म्हणाली, नाही. यादी हाताने सरकवून पाहिली तर ॲटलास तिथेच, डोळ्यांसमोर. दोन्ही शब्द शेजारी ठेवले, भिंग लावलं तरी फरक दिसेना. एक्सेलमध्ये लेन हे सूत्र दिलेल्या मजकुरात किती चिन्हं आहेत ते मोजतं. नुसतं पहिलं अक्षर मोजलं तर एकात 1, दुसऱ्यात 2. एकात 'अ' आणि त्यावर वेगळा चंद्र साठवलेला, दुसऱ्यात पूर्ण 'ॲ' हे एकच चिन्ह. हे एकसंध चिन्ह युनिकोडमध्ये 2008 साली, 5.1 या आवृत्तीत आलं. त्याआधी लोक दोन तुकडे जोडत आणि अजूनही काही कीबोर्ड तसंच करतात. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द.

तसंच 'कऱ्हाडकर'चं. एका नोंदीत ऱ आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. आता नियम केला: ॲ एकसंधच, ऱ स्वतंत्रच. सगळीकडे फाइंड-रिप्लेस केलं आणि नियम टेबलावर काचेखाली ठेवला.

नावापुढे चिकटलेल्या मोकळ्या जागा ट्रिम सूत्राने गेल्या. काही तरीही राहिल्या, त्या वेबसाइटवरून कॉपी करताना आलेल्या. ती जागा वेगळी असते, तिचा आकडा 160, आणि ट्रिम तिला ओळखत नाही. ती एक जागा कॉपी करून रिप्लेसच्या खिडकीत पेस्ट केली, खालचा रकाना रिकामा ठेवला, झालं.

19 सप्टेंबर

यादीत शोध चालतो. काकूंनी लेखकाचं अर्धं नाव टाकलं आणि सगळी पुस्तकं खाली आली. त्या बराच वेळ वेगवेगळी नावं टाकत बसल्या होत्या.

21 सप्टेंबर, रविवार

सभासदांच्या तारखा. आजचं काम सगळ्यात किचकट होतं, आणि मला स्वतःला सगळ्यात आवडलेलंही.

तक्रार अशी की वर्गणी संपल्याची यादी काढली तर त्यात नुकतेच झालेले सभासद येतात. पहिली नजर रकान्यावर टाकली आणि कारण तिथेच दिसलं: काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या, काही डावीकडे. एक्सेल आकडे आणि तारखा उजवीकडे लावतो, मजकूर डावीकडे. म्हणजे अर्ध्या तारखा त्याच्या लेखी तारखाच नव्हत्या. संगणकाचं सेटिंग अमेरिकन होतं, आधी महिना आणि मग दिवस. 25/03/2019 टाकलं की पंचविसावा महिना नसतो, म्हणून तो मजकूर म्हणून पडून राहिला. 12/03/2019 टाकलं की मात्र त्याने मुकाट्याने 3 डिसेंबर धरलं. घोटाळा करतात या दुसऱ्या, चांगल्या दिसणाऱ्या तारखा. डावीकडच्या निदान ओळखू तरी येतात.

एक्सेल तारीख आकडा म्हणूनच ठेवतो. 1 जानेवारी 1900 म्हणजे 1, तिथून दिवस मोजत जायचे. आजची तारीख 45921. 15 ऑगस्ट 1947 म्हणजे 17394. कंट्रोल धरून टॅबच्या वरचं बटण दाबलं की पूर्ण पान हे आतले आकडे दाखवतं, पुन्हा दाबलं की पूर्ववत. काका म्हणाले, मग दोन तारखांची वजाबाकी करता येत असेल. येते! उशीर किती दिवस झाला ते त्याच वजाबाकीने निघतं आणि दंडही.

यात एक जुनी चूक दडलेली आहे. एक्सेलच्या हिशेबात 60 वा दिवस म्हणजे 29 फेब्रुवारी 1900. असा दिवस झालाच नाही, 1900 हे लीप वर्ष नव्हतं. ही चूक लोटस 1-2-3 या आधीच्या लोकप्रिय प्रोग्रॅममध्ये होती. त्याच्या फाइली तशाच चालाव्यात म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून घेतली आणि ती आजतागायत आहे. आणि 1900 च्या आधीची तारीख एक्सेलला समजतच नाही. आपल्याकडे तेव्हाचे काही ग्रंथ आहेत, त्यांच्यावर शके छापलेलं. तिथे तारीख न लिहिता नुसतं सन साध्या आकड्यात लिहायचं ठरवलं, शकात 78 मिळवून. शके 1811 म्हणजे 1889.

दुरुस्ती: सेटिंगमध्ये रीजन इंग्रजी (इंडिया) केलं, मग पावत्यांची पुस्तकं काढून काका वाचत गेले आणि मी तारखा तपासत गेले. कोणत्याही सूत्राने हे करू नये. 12/03 ची खरी तारीख कोणती ते फक्त पावतीच सांगते.

त्याच पानावर बँक खात्यांचे आकडेही सापडले. एक्सेल आकड्यातले पहिले 15 अंकच धरतो, सोळावा अंक शून्य करून टाकतो. सोळा अंकी खाते क्रमांक लिहिला की शेवटचा अंक गेलाच. सुरुवातीचं शून्यही तो गिळतो. ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा आकडा म्हणून लिहूच नये. आधी रकान्याचा प्रकार टेक्स्ट करावा किंवा आकड्यापुढे एक उभी टिंबरेघ, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, द्यावी. यात आपण एकटे नाही. मार्च आणि सप्टेंबर यांच्यासारखी दिसणारी मानवी जनुकांची नावं एक्सेल तारखांमध्ये बदलून टाकायचा, शेवटी 2020 साली शास्त्रज्ञांनी त्या जनुकांचीच नावं बदलली.

23 सप्टेंबर

सिल्व्हर मॉलमधून 480 जीबीची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, आणून जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसवली. संगणक आता काकूंचा चष्मा पुसून होईपर्यंत सुरू होतो.

काका खट्टू. डब्यावर 480, पडद्यावर 447. दुकानदाराने फसवलं म्हणाले. फसवलेलं नाही. बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. विंडोज 1024 गुणिले 1024 गुणिले 1024 ने भागतो आणि उत्तराला तरीही जीबीच म्हणतो. 480 चे 447 होतात, 500 चे 465, आणि 32 जीबीच्या पेनड्राइव्हचे 29.8. बाइट तेवढेच, माप दोन. काकांनी कॅल्क्युलेटरवर स्वतः भागाकार केला, मग समाधान झालं.

आणखी एक, हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं: संगणक विचित्र वागायला लागला तर शट डाउन करून परत लावण्याने बऱ्याचदा काही होत नाही. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप आहे. शट डाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतो आणि सुरू होताना तीच परत उचलतो, बिघडलेली असली तरी. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून परफॉर्मन्समध्ये अप टाइम पाहिला. रोज रात्री बंद होणारा हा संगणक बरेच दिवस सलग चालू असल्याचं तिथे लिहिलं होतं. प्रिंटरची तक्रार आली की आधी रीस्टार्ट, मग मला फोन.

जुनी हार्ड डिस्क कचरा गाडीच्या ई-कचऱ्याच्या डब्यात द्यायची काका तयारीत होते. थांबवलं. सभासदांचे पत्ते आणि खाते क्रमांक त्यात आहेत. डिलीट केल्याने फाइलची फक्त नोंद जाते, मजकूर वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतो. पूर्ण फॉरमॅट करायचा, आणि त्यासाठी क्विक फॉरमॅटची खूण काढायची. मग द्यायची.

28 सप्टेंबर, रविवार

एक सभासद काका फोन घेऊन आले. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली होती, अनोळखी नंबरवरून. नाव पत्रिकेचं, शेवट मात्र एपीके. म्हणजे ती पत्रिका नव्हती, फोनमध्ये बसणारं ॲप होतं. त्यांनी उघडलं नव्हतं, ताबडतोब काढून टाकलं. कोणी उघडलंच आणि पैसे गेले तर 1930 या नंबरवर लगेच फोन करायचा, हे फलकावर लिहिलं.

पत्रिका, फोटो, पीडीएफ यांपैकी काहीही एपीके नसतं. संगणकावर तर फाइलच्या नावाचा शेवट विंडोज मुळातच लपवून ठेवतो, आणि हा लपवण्याचा प्रकार मला मुळीच पटत नाही. मे 2000 मध्ये जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' व्हायरसने ह्याचाच फायदा घेतला. फाइलच्या नावाच्या शेवटी टीएक्सटी दिसायचं, त्याच्या पुढचं व्हीबीएस लपलेलं, आणि लोक प्रेमपत्र समजून उघडायचे. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण केली. हे प्रत्येकाने आपल्या घरच्या संगणकावर आज करावं.

नातवाने त्यावरून विषय काढला, दीदी, 'कॉन' नावाचा फोल्डर बनवून दाखवा. सी, ओ, एन. बनत नाही. फॉरवर्डमध्ये लिहिलेलं असतं की मायक्रोसॉफ्टलाही याचं कारण माहीत नाही. त्यांना चांगलं माहीत आहे. डॉसच्या काळापासून कॉन हे नाव कन्सोलचं, म्हणजे कीबोर्ड-पडद्याचं, पीआरएन प्रिंटरचं आणि एनयूएल हे जे टाकू ते गिळून टाकणाऱ्या जागेचं. ही नावं फाइलसारखीच वापरता यायची, म्हणून राखीव ठेवली. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ती अजून राखीव आहेत.

त्याला मग नोटपॅडची गंमत सांगितली. विंडोज एक्सपीमध्ये 'बुश हिड द फॅक्ट्स' एवढं एकच वाक्य इंग्रजीत लिहून सेव्ह केलं आणि परत उघडलं, तर वाक्य गायब आणि चिनी अक्षरं किंवा चौकोन. कोणी गुप्त कारस्थान केलं नव्हतं. साध्या फाइलमध्ये ती कोणत्या पद्धतीने लिहिली आहे याची खूण नसते, म्हणून नोटपॅड अंदाज बांधायचा. या वाक्याच्या 18 अक्षरांच्या जोड्या लावल्या की 9 चिनी अक्षरं बनतात, आणि अंदाज तिकडे गेला. व्हिस्टामध्ये हे सुधारलं. नातू हे ऐकून जुना एक्सपी कुठे मिळेल ते विचारायला लागला.

2 ऑक्टोबर, दसरा

संगणकाची, प्रिंटरची आणि कार्डांच्या खणांची पूजा झाली. काकूंनी कीबोर्डवर फूल ठेवलं, कुंकू मात्र बाजूच्या तबकात ठेवलं. सोनं वाटलं. आज काम नाही.

5 ऑक्टोबर, रविवार

यादी सगळ्यांना फोनवर बघता यावी म्हणून सीएसव्ही फाइल, म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल, काढली. ती काकांनी एक्सेलमध्ये उघडली आणि पुन्हा सगळा गोंधळ. या वेळी फॉन्टचा दोष नाही. डोळे बारीक करून पाहिलं तर एक शिस्त दिसते: प्रत्येक मराठी चिन्हामागे तीन विचित्र चिन्हं, आणि त्यांतलं पहिलं नेहमी तेच, डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान ए. यूटीएफ-8 ही युनिकोडचे आकडे फाइलमध्ये साठवायची पद्धत. तीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि एक्सेल ते तीन वेगळी युरोपियन चिन्हं समजून दाखवतो. मजकूर शाबूत असतो, वाचणारा चुकतो. अशी फाइल डबल क्लिक करून उघडायची नाही. डेटा, मग फ्रॉम टेक्स्ट ऑर सीएसव्ही, आणि तिथे 65001 यूटीएफ-8 निवडायचं. सेव्ह करतानाही 'सीएसव्ही यूटीएफ-8' हाच प्रकार घ्यायचा.

दुसरं, अकारविल्हे. काकूंच्या लाकडी खणांत ळ ह च्या नंतर, आणि अगदी शेवटी क्ष आणि ज्ञ. यादीत क्ष ची पुस्तकं क मध्ये शिरली, क च्या बाराखडीच्या मागे. युनिकोडमध्ये क्ष हे स्वतंत्र अक्षर नाही, ते क, हलन्त आणि ष. ज्ञ तसाच ज च्या घरात. काकू नाराज झाल्या, आणि मला त्यांची नाराजी पूर्ण मान्य आहे. शाळेत शिकवलेला क्रम वाचकाला पाठ असतो, त्याने यंत्राचा क्रम का शिकावा? 'खण' नावाचा एक वेगळा रकाना केला, त्यात खणाचा क्रमांक, आणि आधी त्यावर व नंतर नावावर क्रम लावायचा. आता यादी आणि लाकडी खण एकाच क्रमात आहेत. पुस्तक हातात असताना काकू दोन्हींमध्ये सहज जातात.

8 ऑक्टोबर

बटणांचा फोन वापरणाऱ्या सभासदांना पुस्तक परत करण्याचा एसएमएस जातो. काकांचा मजकूर एकच दिसत असून पैसे तीन संदेशांचे पडत होते. एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला सात बिट, म्हणून 160 अक्षरं. मराठीला दोन बाइट, म्हणून 70. आणि काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'स्त्री' हा एक शब्द म्हणजे 6 चिन्हं. 'आदरणीय सभासद महोदय' काढलं, 'कृपया' ठेवलं, मजकूर 70 च्या आत आला.

12 ऑक्टोबर, रविवार

टेबलाशेजारच्या भिंतीवर लावायचा कागद आज केला. शॉर्टकटांच्या लांबलचक याद्या फिरत असतात, त्या कोणी वाचत नाही. कागदावर तेच घेतलं जे या दोघांनी गेल्या महिन्यात स्वतः विचारलं. विंडोज आणि व्ही: आधी कॉपी केलेल्या 25 गोष्टींतून हवी ती पेस्ट करता येते (पहिल्यांदा टर्न ऑन म्हणावं लागतं). पावतीचा नेहमीचा मजकूर तिथे पिन करून ठेवला, तो संगणक बंद झाला तरी टिकतो. विंडोज, शिफ्ट आणि एस: पडद्याचा हवा तेवढाच तुकडा कापायचा, म्हणजे मला मोबाइलने पडद्याचे तिरके फोटो यायचे थांबतील. कंट्रोल, शिफ्ट आणि टी: चुकून बंद केलेलं ब्राउझरचं पान परत. विंडोज आणि अधिक: भिंग. एफ 2: फाइलचं नाव बदलायचं. विंडोज आणि एल: उठताना कुलूप. बस.

पेनड्राइव्हचं वेगळं लिहिलं. पेनड्राइव्हवरून काढलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. आणि गणेशोत्सवातल्या नाटकाचं चित्रण जागा असूनही पेनड्राइव्हवर बसत नव्हतं, कारण पेनड्राइव्ह फॅट 32 या फाइली ठेवण्याच्या जुन्या पद्धतीत होता आणि त्यात एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी चालत नाही. आतलं सगळं काढून एक्सफॅट मध्ये फॉरमॅट केला, मग बसलं.

14 ऑक्टोबर

विंडोज 10 चा आधार आज संपला. हा संगणक जुन्या प्रोसेसरचा असल्याने त्यावर विंडोज 11 बसत नाही. कार्यकारिणीत एकाने नवा घेऊ म्हटलं. मी ठाम नाही म्हटलं. एसएसडीनंतर तो चांगला चालतो आहे. सुरक्षेच्या सुधारणा वाढीव योजनेत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतील, ती नोंदणी केली. तोवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली, पेनड्राइव्हवरून चालवून पाहायचं. ते न बसवताही सुरू करून बघता येतं. आपली यादी, इन्स्क्रिप्ट आणि प्रिंटर तिघांचं त्यावर जमलं की निर्णय घेऊ. काकूंच्या रेमिंग्टनचं तिथे काय होतं ते आधी पाहायचं, बाकी नंतर.

17 ऑक्टोबर

दिवाळी अंकांचा पहिला गठ्ठा आला. काकूंनी अंक थेट यादीत चढवले, रेमिंग्टनवर, आणि मला न विचारता 'खण' रकान्यात 'दिवाळी' असा नवा खण केला. काका दुपारी एकटेच बसून उशिराची यादी काढत होते, तारखा बरोबर आल्या.

राहिलेलं: बालविभागाची कार्डं अजून टाइप झालेली नाहीत. जुन्या इतिवृत्तांच्या कृतिदेव फाइली रूपांतर करायच्या आहेत. काही स्कॅन केलेल्या पीडीएफ आहेत, त्या गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडल्या तर मराठी मजकूर बऱ्यापैकी निघतो. पहिली दोन पानं नातवाने करून दाखवली, पुढचं काम त्याच्याकडे दिलं आहे. तपासणी काकू करतील.